गुडघ्यातली पांढरी रेघ

डॉक्टरबाईंनी एक्स-रे खिडकीच्या उजेडाकडे धरला आणि मला पहिलाच प्रश्न विचारला, "तुम्ही दोघं काम काय करता?"

मला राग आला. पोर आकडी येऊन पडली आहे आणि ह्यांना आमच्या कामाची चौकशी सुचतेय. दवाखान्यात कामाचं नाव सांगितलं की पुढचं बोलणं कसं बदलतं, हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी सांगितलं, "कचरा वेचतो. मी कागद, पुठ्ठा, काचा वेचते. मुलीचे अप्पा भंगाराचं बघतात."

"बॅटऱ्या फोडता का? लॉरीच्या जुन्या बॅटऱ्या?"

मी मान हलवली. हे ह्यांना कसं कळलं?

"आतलं शिसं वितळवता का? घरात?"

"घरात न्हाई, परड्यात," मी म्हणाले. मागच्या अंगणाला आम्ही परडं म्हणतो.

त्यांनी मला जवळ बोलावलं. रेणूच्या दोन्ही गुडघ्यांचा फोटो होता. हाडांच्या टोकांना एकेक जाड पांढरी रेघ होती, खडूने ओढल्यासारखी. "ही रेघ अशी असायला नको," बाई म्हणाल्या. "हिला लेड लाइन म्हणतात. लेड म्हणजे शिसं. तुमच्या मुलीच्या अंगात शिसं गेलंय, हाडांपर्यंत पोचलंय. ह्या आजाराला लेड पॉयझनिंग म्हणतात, म्हणजे शिशाची विषबाधा. आकडी त्यानंच आली. मेंदूला सूज आहे."

रेणू तेव्हा चार वर्षांची होती. मी त्या रेघेकडे बघत राहिले आणि मला एवढंच सुचलं की, शिसं केवढं जड असतं, आणि हिचं वजन ते केवढं.

आम्ही मूळचे अळणावरकडचे. तिथल्या लाकडाच्या वखारीत रेणूचे अप्पा ओंडके चढवायचे. वखारीतलं काम कमी कमी होत गेलं तसे आम्ही हुबळीला आलो आणि ह्या धंद्यात पडलो. माझं शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत झालंय. कचऱ्यात बेळगावचं मराठी वर्तमानपत्र हाती लागलं की मी ते पुठ्ठ्यावर बसून आधी वाचायची आणि मगच पोत्यात घालायची. बाकीच्या बायका हसायच्या. त्या वाचनावरच आज हे लिहायला बसलेय. आमच्या धंद्यातल्या ज्यांना वाचता येत नाही त्यांना कोणीतरी हे वाचून दाखवावं, एवढीच इच्छा.

सकाळी दुकानं उघडायच्या आत मी दाजीबानपेठेत जायची. कापडाच्या गठ्ठ्यांचे पुठ्ठे तिथे चांगले मिळत. मग कोप्पीकर रोडला ऑफिसांचा कागद. पायात तार घुसणं, बोटाला काच लागणं, ह्याला आमच्यात कोणी आजार म्हणत नाही. चुना लावायचा आणि पुढच्या ढिगाकडे जायचं. खोकला असतोच. अंगाला खाज असतेच. आजार म्हणजे ज्यानं माणूस कामाला जाऊ शकत नाही तो, अशी आमची सरळ व्याख्या होती.

बॅटऱ्यांचं काम अप्पांकडे होतं. हमरस्त्यावरच्या गॅरेजांतून ते जुन्या बॅटऱ्या आणायचे. आतलं ॲसिड गटारात ओतायचं, काळं खोकं दगडावर आपटून आतल्या पट्ट्या मोकळ्या करायच्या आणि लोखंडी कढईत वितळवायच्या. वर राखाडी मळी येते, ती पळीने काढून बाजूला टाकायची. खाली शिसं राहतं, चांदीसारखं चकचकीत. पुठ्ठ्याच्या मानानं त्याला भाव फार चांगला. बॅटरी मिळाली की त्या दिवशी आमच्या घरात सगळ्यांचे चेहरे उजळायचे. थंडीत रेणू त्या चुलीपाशी शेकत बसायची. मळीच्या राखेत काडीने रेघोट्या मारायची. आम्ही तिला फक्त एवढंच सांगायचो की, कढईजवळ जाऊ नको, भाजेल.

पहिली खूण कोणती, असं मला पुष्कळ जणी विचारतात. आता मागं वळून बघितलं तर तिचं बोलणं कमी झालं ती. रेणू भारी बोलकी होती. शेजारच्या यल्लव्वाशी कन्नडात भांडायची आणि घरी येऊन त्या भांडणाची हकीकत मला मराठीत सांगायची, वर यल्लव्वाची नक्कलही करायची. ती हळूहळू गप्प झाली. मला वाटलं, पोर शहाणी झाली. खरं सांगते, मला जरा बरंच वाटलं होतं.

मग पोट दुखायला लागलं. बेंबीभोवती कळ यायची आणि ती गुडघे पोटाशी घेऊन लोळायची. शौचाला होत नव्हतं. जेवण नको म्हणायची आणि अंगणातली माती मात्र चोरून खायची. जंत झालेत म्हणून औषध दिलं. यल्लव्वानं मीठ-मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. बाजारातल्या एका डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि ॲनिमिया म्हणाले, म्हणजे अंगात रक्त कमी. लाल रंगाचं टॉनिक दिलं. रक्त कमी होतं हे खरंच होतं. का कमी आहे, हे तेव्हा ना त्यांनी शोधलं ना आम्ही विचारलं.

आकडी आली त्या दिवशी गल्लीत नळाला पाणी आलं होतं. हुबळीत नळाला कित्येक दिवसांनी एकदा पाणी येतं, तो पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे हुबळीच्याच माणसाला कळेल. सगळी गल्ली घागरी घेऊन नळावर. माझा नंबर आला होता आणि मागून यल्लव्वा ओरडली. वळून बघते तर रेणू पायरीवर आडवी, डोळे वर गेलेले, हातपाय झटके देतायत. घागर तिथेच भरत राहिली. रिक्षावाल्याने पैसे घेतले नाहीत, हे मला दुसऱ्या दिवशी आठवलं.

सरकारी दवाखान्याच्या मुलांच्या वॉर्डात आम्हाला कॉट मिळाली. डॉक्टरबाई मूळच्या धारवाडच्या, घरी मराठी बोलणाऱ्या. कन्नड आम्हालाही येतं, पण भीती आपल्या भाषेत समजावून घेणं सोपं जातं.

रक्तात शिसं किती आहे ह्याची तपासणी तेव्हा हुबळीत होत नव्हती. नमुना बेंगळुरूला जायचा. त्याची वाट न बघता बाईंनी औषध सुरू केलं. ह्या उपचाराला चिलेशन म्हणतात. त्यांनी सांगितलं ते असं, की हे औषध रक्तातल्या शिशाला धरतं आणि लघवीवाटे बाहेर घेऊन जातं. एक इंजेक्शन मांडीत द्यायचे, तेलासारखं दाट. दुसरं सलाईनमधून. मांडीतल्या इंजेक्शनची वेळ झाली की रेणू सिस्टरच्या चपलांचा आवाज ओळखून आधीच रडायला लागायची. मी तिचे पाय धरायची. आईला हे करावं लागतं, तेही आपल्याच मुलीच्या बाबतीत, आणि त्या वेळी ती आपल्याकडे ज्या नजरेने बघते ती सहन करावी लागते. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांना सांगते, पाय घट्ट धरा. अर्धवट धरले तर सुई दोनदा टोचावी लागते.

औषधाने मूत्रपिंडावर ताण येतो म्हणून लघवी मोजावी लागे. सगळी एका बरणीत जमवायची. सकाळी सिस्टर लांबूनच ओरडायची, "एनवा, मूत्रा हिडद इट्टीयेन?" म्हणजे, लघवी धरून ठेवलीस का गं? सगळा वॉर्ड हसायचा. मीही हसायची. इतकी वर्षं लोकांनी टाकलेलं मी गोळा केलं, त्यात हे काय एवढं.

अप्पांनी त्याच आठवड्यात बॅटऱ्या बंद केल्या. परड्यातली चूल मोडली, तिथली माती खरवडून लांब नेऊन पुरली आणि वर नवी माती टाकली. बाईंनी त्यांचेही हात बघितले. उजवं मनगट त्यांना नीट वर उचलता येत नव्हतं, हातोडी धरली की हात खाली लोंबायचा. ते म्हणायचे, ओझ्याने शीर धरली असेल. बाई म्हणाल्या, "ह्याला रिस्ट ड्रॉप म्हणतात. हेही शिशानंच." मोठ्या माणसाला लवकर बाधत नाही, पण बाधतं.

रेणूची सूज उतरली. आकडी परत आली नाही. बेंगळुरूहून रिपोर्ट आला, त्यातला आकडा बघून बाईंनी मान हलवली. औषध पुरं झालं, आकडा खाली आला आणि आम्ही घरी गेलो. यल्लव्वानं दारात पाणी ओवाळून टाकलं. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या तपासणीला आकडा परत वर गेलेला होता. पोटदुखीही परत सुरू झाली होती.

बाई म्हणाल्या, "हाडात साठलेलं शिसं थोडं थोडं रक्तात परत येतं, ते मी धरून चालले होते. पण एवढं येत नाही. खरं सांगा, बॅटऱ्या बंद आहेत ना?"

"देवाशपथ बंद हाईत," अप्पा म्हणाले.

बाईंना ते पटलेलं दिसलं नाही. आणि आणखी वाईट म्हणजे, मलाही पटेना. घरात पैशाची ओढ होती. हा माणूस भंगारवाल्याच्या गोदामात कुठेतरी लपून वितळवतोय आणि तेच कपडे घालून पोरीला मांडीवर घेतोय, असं माझ्या मनात बसलं. रेणूला पुन्हा दाखल केलं तेव्हा मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर त्यांना नाही नाही ते बोलले. "पोरीपेक्षा शिसं प्यारं झालं व्हय तुला?" असंही म्हणाले. एरवी मी त्यांना अहो-जाहो करते. ते उठले आणि निघून गेले. मी म्हटलं, गेला गोदामात.

ते घरी गेले होते. रेणू सकाळपासून चिंच मागत होती. तोंडाला चव नव्हती, दवाखान्याचा भात तिला जात नव्हता. ते भर उन्हात चालत जाऊन घरातली चिंच आणि मीठ कागदाच्या पुडीत बांधून घेऊन आले. मी मिठात चिंच मळून तिला छोटी गोळी करून दिली. ती चाटत बसली. पुष्कळ दिवसांनी तिच्या तोंडावर समाधान दिसलं.

तेवढ्यात बाई राउंडला आल्या. "काय खातेय ही?"

"चिंच. बाहेरची न्हाई, घरातली हाय. स्वच्छ," मी म्हणाले.

"घरात चिंच कशात ठेवता?"

आता मी ज्या डब्याबद्दल सांगणार आहे ते नीट ऐका, कारण ह्या सगळ्या लिहिण्याचं कारण तो डबा आहे. बॅटरी फोडल्यावर जे काळं कडक खोकं उरतं त्याला भंगारात कोणी कवडीही देत नाही. पण त्याला आत सहा खण असतात. आम्ही बायकांनी त्याचा मिसळणाचा डबा केला होता. राखेने घासायचा, चिंचेने घासायचा, उन्हात वाळवायचा, की काळा कुळकुळीत होतो. एका खणात मीठ, एकात चिंच, तिखट, हळद, मोहरी, आमसूल. पत्र्याचे डबे मिठाने गंजतात, वर्षभरात भोकं पडतात. हा कधी गंजत नाही. पहिला डबा मी केला. मग यल्लव्वानं बघितला, मग गल्लीभर झाले. माझ्या भावजयीलाही एक मी अळणावरला नेऊन दिला होता.

मी बाईंना हे सगळं कौतुकाने सांगितलं. वर असंही म्हणाले, "ॲसिडनं ज्याचं काई वाकडं केलं न्हाई, त्याला मीठ-चिंच काय करणार?"

बाईंनी पुढे होऊन रेणूच्या तोंडात बोट घातलं आणि चिंच बाहेर काढली. रेणू किंचाळली. सिस्टरला त्यांनी सांगितलं की, सलाईनमधलं औषध आत्ता बंद करा. मग त्या माझ्या शेजारी कॉटवर बसल्या. डॉक्टर कॉटवर बसलेले मी तोवर कधी पाहिले नव्हते.

"डब्याला काही होत नाही," त्या म्हणाल्या. "पण त्याच्या भिंतीत शिसं मुरलेलं असतं. घासून जात नाही. आंबट वस्तू ते ओढून घेते. मीठही घेतं. आमटीतही हीच चिंच?"

"व्हय."

"मीठही ह्याच डब्यातलं?"

"व्हय."

"म्हणजे रोज."

"रोज," मी म्हणाले.

"आणि इकडे मी देतेय ते औषध. पोटात शिसं जात असताना हे औषध दिलं तर ते उलट जास्त शोषलं जाऊ शकतं." मग म्हणाल्या, "मी धूर विचारला, माती विचारली. स्वयंपाकघर विचारलं नाही. आणि तुम्हाला कोणी सांगितलेलं नव्हतं. तेव्हा हे डोक्यात घेऊन बसू नका."

पण ते डोक्यात बसलंच. पोर जेवत नाही म्हणून मी पाठीमागे लागून, गोष्टी सांगून, मांडीवर घेऊन तिला भरवत होते. एकेक घास. त्या दिवशी मी वॉर्डाच्या मोरीत जाऊन खूप रडले. नळ सोडून रडले, म्हणजे आवाज जाऊ नये.

अप्पा बाहेर बाकावर होते. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, पण माफी मागायला तोंड उघडेना. त्यांनीच विचारलं, "काय झालं?" मी सांगितलं. त्यांनी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. मग म्हणाले, "डब्याचं खोकं मीच आणून दिलतं की तुला." एवढं बोलून त्यांनी माझ्यासाठी बाकावर जागा केली.

पोट साफ होईपर्यंत औषध थांबवलं, मग पुन्हा सुरू केलं. ह्या वेळी आकडा खाली आला आणि खालीच राहिला. मधल्या काळात आमच्या घरातलं मीठ, मसाला, चिंच सगळं फेकून दिलं होतं.

पण गल्लीत डबे होतेच. बाईंनी रेणूला घरी सोडताना मला विचारलं, "आणखी किती घरांत असतील?" मी सांगितलं की, मोजले नाहीत. त्या म्हणाल्या, "तुम्ही सुरू केलंत, तुमचंच ऐकतील."

कुठलं ऐकतायत! यल्लव्वा म्हणाली, "तुझी पोर माती खायची म्हणून झालं तिला. माझा डबा चांगला हाय." तिचं मराठी माझ्यासारखंच झालंय, माझं कन्नड तिच्यासारखं. रेणूसाठी जिने उपासतापास केले त्याच बाईशी मी डब्यावरून भांडले. नुसत्या बोलण्याने डबा सुटणार नाही, हे मला उमगलं. मग मी दाजीबानपेठेतून येताना फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरण्या बाजूला काढायला लागले. एरवी त्या भंगारात जायच्या. उकळत्या पाण्यात धुऊन, सहा बरण्यांचा एक जोड करून मी दारोदार फिरले. काळा डबा द्या, बरण्या घ्या. बरणीतून चिंच दिसते, मोहरी दिसते, झाकण घट्ट बसतं. यल्लव्वानं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी डबा माझ्या दारात आणून आपटला. "मीठ ओलं झालं तर तुला बघते," म्हणाली.

अळणावरचं जास्त अवघड गेलं. पॅसेंजर गाडीने भावाकडे गेले आणि डबा परत मागितला. भावजयीचा चेहरा पडला. "दिलेलं परत नेताय व्हय वन्सं?" भाऊही नाराज झाला. मी त्यांना रेणूचा एक्स-रे दाखवला. तो मी गुंडाळून पिशवीत नेला होता. भावजयीनं दारात उजेडाला धरून बघितला, ती रेघ बघितली, आणि आपल्या मुलीच्या गुडघ्यावरून नकळत हात फिरवला. डबा तिनं स्वतः रिकामा करून दिला. तिच्या मुलीचंही रक्त तपासून घेतलं. तिच्यात थोडं निघालं, औषधाची गरज पडली नाही.

जमलेले डबे जाळू नका, असं बाईंनी बजावलं होतं, कारण धुरातून तेच शिसं परत येतं. आम्ही ते सगळे बॅटऱ्या घेणाऱ्या भंगारवाल्या सावकाराच्या गोदामात नेऊन टाकले. तो हसला. त्याला हसू दे.

ह्या धंद्यात ज्या आहेत त्यांना माझं सांगणं थोडंच आहे. बॅटरी फोडू नका, आख्खी विका, चार पैसे कमी आले तरी चालतील. ॲसिडचा कॅन, औषधफवारणीचा डबा, बॅटरीचं खोकं घरात आणू नका, कितीही धुतलं आणि कितीही मजबूत दिसलं तरी. कामाचे कपडे बाहेर काढा आणि हात धुऊनच पोराला घ्या. घर कोरडं झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा, कारण कोरड्या झाडण्याने धूळ उडते आणि पोरं खाली लोळत असतात. दूध, नाचणी, पालेभाजी द्या. पोट भरलेलं असेल आणि अंगात लोह असेल तर शिसं कमी मुरतं, असं बाई सांगायच्या. पोर माती खात असेल तर मारू नका, दवाखान्यात न्या. त्याला पायका म्हणतात, तोही एक आजारच आहे. आणि दवाखान्यात कोणी काम विचारलं तर माझ्यासारख्या रागावू नका. कोणी विचारलं नाही तर आपणहून सांगा. लाजून अर्धं सांगितलं तर औषधही अर्धंच मिळतं.

डॉक्टरबाईंची पुढे बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा मी त्यांना, इतके दिवस तोंडाशी येऊन राहिलेला प्रश्न विचारला. "रेणू पहिल्यासारखी होईल न्हवं?"

त्यांनी मला खोटं सांगितलं नाही, ह्याबद्दल मी त्यांची जन्मभर ऋणी आहे. त्या म्हणाल्या, "बोलेल, चालेल, शाळेत जाईल. पण शिसं लहान मुलाच्या मेंदूवर काय करून जातं, ते पुरतं भरून येईलच असं नाही. ती एरवी कशी झाली असती, हे तुम्हालाच काय, मलाही कधी कळणार नाही. आहे तिथून पुढे घेऊन चला."

रेणू बोलायला लागली. आधी यल्लव्वाशी कन्नडात, मग माझ्याशी. पण पहिल्यासारखी धडाधड नाही, शब्द शोधत. शाळेत उशिरा घातली. पाढे तिला पाठ व्हायचे आणि आठवड्यात उडून जायचे. एका वर्गात दोन वर्षं काढली. मास्तर म्हणाले, लक्ष नसतं. काही शब्द अडला, काही विसरली, हातातून भांडं पडलं, की माझ्या मनात येई, हे शिशाचं. पोर रागावली, हेही शिशाचं. मी तिच्याकडे बघायची आणि मला माझी मुलगी कमी आणि तो एक्स-रे जास्त दिसायचा. बरं होणं म्हणजे हे बघणं थांबणं, आणि ते मला पुष्कळ वर्षं जमलं नाही.

ती आठवीत असतानाची गोष्ट. तोवर आमच्या गल्लीत कोणी बॅटऱ्या फोडत नव्हतं. अप्पांचं मनगट पुष्कळसं सुधारलं होतं. बायकांचा आमचा एक गट झाला होता, सगळ्या मिळून पुठ्ठा विकत होतो. गणिताच्या परीक्षेत ती नापास झाली. पेपर माझ्यापुढे ठेवून बसली. माझ्या मनात जे आलं ते तिला कळू नये असं मला वाटत होतं.

तिनेच विचारलं, "आई, मला लहानपणी झालतं, त्यानं माझं डोकं असं हाय काय?"

हो म्हणाले असते तर तिला आयुष्यभराचं एक कारण मिळालं असतं. नाही म्हणाले असते तर ते खोटं ठरलं असतं. मी तिच्याकडे बघितलं. केस विस्कटलेले, बोटाला शाई, ओठ दाताखाली धरलेला.

"मला ठाऊक न्हाई, रेणू," मी म्हणाले. "डॉक्टरबाईंनाबी ठाऊक नव्हतं. कोणालाच कळत न्हाई ते."

तिने पेपर स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "कोणालाच कळत न्हाई?"

"कोणालाच न्हाई."

"मग न्हाई असंच धरून चालू की," ती म्हणाली, आणि पेन्सिल शोधायला उठली.

तेव्हापासून आमच्या घरात आम्ही तसंच धरून चाललो आहोत.